रफारापाशी थांबलेलं बोट

मूल वाचत असताना त्याच्या बोटाकडे बघावं. बोट शब्दांखालून सरकत जातं, आणि जिथे शंका येते तिथे आधी बोट थांबतं, आवाज मागाहून थांबतो. 'सूर्य उगवला' या दोन शब्दांत ते 'र्य'च्या खाली अडतं. मूल 'सूय' म्हणतं, कधी 'सूयर' म्हणतं, आणि मान वर करून समोरच्या ताईकडे बघतं. ताई कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भाषाविज्ञानाचा पेपर आहे तिला, आणि त्या पेपरचाच भाग म्हणून ती आठवड्यातून दोन तास इथे, एका सामाजिक संस्थेत, मुलांकडून वाचून घ्यायला येते. ती 'सूर्य' असं सांगून टाकते. मूलही 'सूर्य' म्हणतं आणि बोट पुढे जातं.

आठ ओळींनंतर 'पर्वत' येतो. बोट पुन्हा तसंच थांबतं.

कॉलेजचा अभ्यास आणि लोकांसाठी केलेलं काम यांची सांगड घालायची म्हणजे काय करायचं, याचं उत्तर मला या आठ ओळींत दिसतं. पहिल्या थांब्याला ताईने मदत केली. दुसऱ्या थांब्याला तिला आपला पेपर आठवायला हवा. रफार लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण उच्चारात त्या अक्षराच्या आधी येतो. डोळ्याला 'य' आधी दिसतो आणि त्याच्या माथ्यावरचा र नंतर. मूल दिसेल त्या क्रमाने वाचतं, म्हणून 'सूयर'. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे, उलट फार काटेकोर वाचनाची आहे. लेखनाचा क्रम आणि उच्चाराचा क्रम यांत फरक असू शकतो, हे वाक्य ताईने वर्गात उतरवून घेतलेलं असतं. परीक्षेत ती त्यावर पाच गुणांचं उत्तरही लिहील. पण त्या फरकामुळे कोणाचं तरी वाचन अडतं, हे तिला इथेच कळतं.

मग पुढच्या आठवड्यात ती चिठ्ठ्या करून आणते. गर्दी, वर्ग, सर्प, मार्ग. एकेक शब्द आधी कानाने फोडायचा: ग, र्, दी. प्रत्येक तुकड्याला एक टाळी. नंतरच कागद दाखवायचा आणि रफारावर बोट ठेवून विचारायचं, हा आवाज कधी आला, द च्या आधी की नंतर? हे जमलं की 'प्रकाश' आणि 'चक्र' समोर ठेवायचे, कारण तिथे तोच र अक्षराच्या पोटात जातो आणि उच्चारात त्याच्यानंतर येतो. दर्या आणि दऱ्या ही जोडी मात्र अगदी शेवटी. ती आधी आणली तर मूल गोंधळतं, कारण एका र ची तीन रूपं एकदम पचत नाहीत. हा क्रम ठरवताना ताई जितका विचार करते, तितका तिने त्या प्रकरणाच्या टिपणांवर कधीच केलेला नसतो.

बहुतेक ठिकाणी असं होत नाही. अभ्यास एका कप्प्यात असतो आणि सेवा दुसऱ्या. विद्यार्थी शनिवारी जातो, काहीतरी उपयोगाचं करतो, वहीवर सही घेतो. सोमवारी वर्गात त्याचा उल्लेखही नसतो. अशा कामाला मी कमी लेखत नाही. रक्तदान शिबिराच्या मांडवात खुर्च्या लावणाऱ्याची गरज असतेच. पण ते अभ्यासक्रमात घ्यायचं, त्याला क्रेडिट (पदवीसाठी मोजला जाणारा श्रेयांक) द्यायचं, तर कामाने अभ्यासाच्या एखाद्या प्रश्नाला धक्का द्यायला हवा आणि अभ्यासाने ते काम अधिक चांगलं व्हायला हवं. दोन्ही दिशांनी ये-जा नसेल तर दोन्ही वेगवेगळेच ठेवावेत. त्यात प्रामाणिकपणा तरी राहतो.

हा विचार जुना आहे. अनुभवातून शिक्षण होतं हे खरं, पण प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, काही अनुभव पुढच्या शिकण्याची वाटच बंद करतात, हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १९३८ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं. १९६०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅमसे यांनी सेवा आणि शिक्षण हे दोन शब्द 'सर्व्हिस-लर्निंग' या एका नावात जोडले. पुढे १९७९ मध्ये सिग्मन यांनी या कामाची तीन तत्त्वं मांडली, आणि त्यातलं पहिलं अजूनही सगळ्यांत जास्त मोडलं जातं: ज्यांच्यासाठी काम चाललंय, काय काम करायचं हे त्यांनी ठरवायचं. कॉलेजच्या सोयीने उपक्रम आखून मग 'कुठली संस्था घेईल?' असं शोधत फिरणं म्हणजे या तत्त्वाचा पहिल्याच पायरीवर भंग.

देशोदेशी या कामाचे हिशेब तासांत ठेवले गेले. मेक्सिकोत १९३६ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांपासून सामाजिक सेवेची सुरुवात झाली, आणि आज तिथे पदवीसाठी किमान ४८० तास लागतात. भारतात राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली; तिच्या नेहमीच्या कामाचे दोन वर्षांत २४० तास. आकडा लागतोच, त्याशिवाय नियोजन होत नाही. मात्र तासाने फक्त हजेरी कळते. रफारापाशी बोट कितव्या आठवड्यात थांबायचं बंद झालं, हे तासांच्या रकान्यात मावत नाही.

तरीही आधी तासच नीट मोजू, कारण बहुतेक योजना इथेच ढासळतात.

सेमिस्टर सोळा आठवड्यांचं धरा. पहिले दोन आठवडे प्रवेश, विषय बदलणं आणि वेळापत्रक पक्कं होण्यात जातात. तिसरा ओळखीचा आणि प्रशिक्षणाचा. मधला एक अंतर्गत परीक्षेचा. शेवटचे दोन सबमिशनचे. उरले दहा. आठवड्याला दोन तास म्हणजे वीस तास, बस्स. कामाची निवड हा आकडा समोर ठेवून करावी. वीस तासांत एका मुलाच्या वाचनात दिसेल असा फरक पडू शकतो. एका वस्तीतला कचऱ्याचा ढीग कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या वारी, किती वेळ पडून राहतो याची नोंद होऊ शकते. 'कचऱ्याचा प्रश्न सोडवणे' होऊ शकत नाही, आणि तसं कागदावर लिहून दिलं की शेवटी सगळ्यांनाच खोटं लिहावं लागतं. संस्थेची वेबसाइट बनवून देणं वीस तासांत जमेलसं वाटतं, पण ती पुढे कोण चालवणार हे ठरलेलं नसेल तर सहा महिन्यांत ती मेलेली असते.

विद्यार्थ्याच्या बाजूचा हिशेब वेगळा. तीन क्रेडिटच्या विषयाला आठवड्याला तीन तास वर्ग आणि साधारण त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास, म्हणजे नऊ तास धरतात. आता त्यात दोन तास काम, जाण्या-येण्याचा एक तास, टिपण लिहायला अर्धा तास, अधूनमधून तयारीचा अर्धा. चार तास झाले. हे चार तास नवावर चढवले की तेरा होतात, आणि तेरा तासांचा विषय कोणी मनापासून करत नाही. म्हणून काहीतरी काढावं लागतं: एक मोठा निबंध, दोन असाइनमेंट, आठवड्यातला एखादा तास व्याख्यान. प्राध्यापकांना हे जड जातं. पोर्शन पूर्ण व्हायला हवा ही चिंता खरीच असते. पण क्षेत्रातल्या कामाला एका पाठ्यपुस्तकाइतका मान द्यायचा असेल तर त्याला पाठ्यपुस्तकाइतकी जागाही करून द्यावी लागते. दोन प्रकरणं तिथे शिकली जातील असं मानून ती फळ्यावरून उतरवावी.

संस्थेच्या बाजूचा हिशेब मात्र कोणी मांडतच नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वीस विद्यार्थी पाठवले की कॉलेजला वाटतं, वीस जोड्या हात दिले. तिथे पगारी माणसं दोन. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला पंधरा मिनिटं द्यायची म्हटली, म्हणजे काम समजावणं, शंका ऐकणं, सही देणं, तरी पाच तास गेले. त्या पाच तासांत त्यांचं मूळ काम मागे पडतं. शिवाय पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत नवखा माणूस देतो कमी आणि घेतो जास्त. हे कुठल्याही कामात असतं. वीस तासांतले पाच-सहा शिकण्यात गेले तर खऱ्या उपयोगाचे चौदा उरतात. म्हणून एका लहान संस्थेकडे पाच-सहापेक्षा जास्त विद्यार्थी पाठवू नयेत, आणि पाठवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: आमच्यामुळे तुमचं कुठलं काम आठवड्याभरासाठी थांबेल? उत्तर ऐकून घ्यावं. 'काही नाही, पाठवा' असं उत्तर आलं तर समजावं की संस्थेने नाही म्हणायचं टाळलंय.

शिक्षणसंस्थांवर परखड टीका करणारे विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे, सेवेसाठी आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोरच त्यांना सांगितलं होतं, की मदत करायला येऊ नका. बघायला या, शिकायला या. बोलणं कडवट होतं, पण त्यात एक गोष्ट खरी होती. जाणाऱ्याच्या मनातलं भलं आणि तिथे पोचणारं भलं यांत अंतर असतं, आणि ते अंतर जाणाऱ्याला सहसा दिसत नाही.

आता कामाची मांडणी. सेमिस्टर सुरू होण्याच्या सहा आठवडे आधी प्राध्यापकाने स्वतः संस्थेत जाऊन बसावं. फोनवर होत नाही हे. तिथे चाललेलं काम बघावं, आणि तिथल्या माणसाला सतावणारा एखादा प्रश्न शोधावा. तो प्रश्न विषयात बसतो का, एवढंच नंतर पाहायचं. बसत नसेल तर निमूटपणे दुसऱ्या विषयाच्या सहकाऱ्याकडे तो द्यावा. बसत असेल तर एका पानाचा करार करावा. दोन पानं झाली की कोणी वाचत नाही. त्या पानावर असावं: कोण येणार, कुठल्या वारी किती वाजता, तिथे कोणाला भेटायचं, येता येणार नसेल तर कोणाला आणि किती आधी कळवायचं, काय काम करायचं, काय करायचं नाही, कुठली माहिती बाहेर न्यायची नाही, आणि शेवटचा दिवस कुठला. सगळ्या सुट्ट्या आणि परीक्षेचे आठवडे त्याच पानावर मागच्या बाजूला छापावेत. परीक्षेच्या आठवड्यात ताई येणार नाही हे मुलाला दोन आठवडे आधी ठाऊक असेल तर तो खाडा राहतो. ठाऊक नसेल तर मूल दारात उभं राहून वाट बघतं, आणि नंतर ताई आली तरी आधीसारखं मोकळं होत नाही.

'काय करायचं नाही' हा भाग कधीही मोघम ठेवू नये. मुलांबरोबर काम असेल तर बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही. दार उघडं, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही. भेटवस्तू आणायच्या नाहीत, कारण एका मुलाला आणली की उरलेल्या नऊजणांचा दिवस बिघडतो. संस्थेची आणि पालकांची लेखी परवानगी नसेल तर फोटो काढायचा नाही, आणि परवानगी असली तरी मुलाने मान वळवली की फोन खाली. मूल कधी घरातलं काही भयंकर सांगून जातं. तेव्हा 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, खोदून खोदून विचारायचं नाही, शांतपणे ऐकायचं, आणि त्याच दिवशी करारात नाव असलेल्या माणसाला मुलाच्याच शब्दांत सांगायचं. हे पहिल्या फेरीपूर्वी वर्गात प्रत्यक्ष बोलून, प्रसंग उभे करून शिकवावं लागतं. छापील सूचना वाटून भागत नाही.

नेमेचि येणारी एक अडचण म्हणजे शेवटच्या पंधरा दिवसांतली गर्दी. तास भरायचे राहिलेले असतात, सबमिशन समोर असतं, आणि मग रोज चार-चार तास बसून वीस तास पूर्ण केले जातात. संस्थेला त्या दिवसांत काय करायला द्यावं हे सुचत नाही. जुन्या फायली पुन्हा लावायला सांगतात. यावर साधा इलाज आहे. आठवड्याला जास्तीत जास्त तीनच तास धरले जातील, हे पहिल्याच दिवशी सांगावं. मग दहा आठवड्यांचं काम चार आठवड्यांत उरकताच येत नाही. चौथ्या आठवड्याअखेर ज्याचे चार तासही झालेले नाहीत, त्याच्याशी प्राध्यापकाने त्या आठवड्यातच बोलावं. बहुतेक वेळा कारण आळस नसतो. बस दोनदा बदलावी लागते, किंवा संध्याकाळची नोकरी असते, किंवा घरी आजारी माणूस असतं.

इथे सक्तीचा प्रश्न येतो. सक्तीची स्वयंसेवा हा शब्दप्रयोगच तोंडात अडखळतो. माझं मत असं, की विषय ऐच्छिक असेल तर त्यातलं काम सक्तीचं असायला हरकत नाही. प्रयोगशाळा निवडली की प्रयोग करावेच लागतात. विषयच सक्तीचा असेल तर मात्र त्याच तोडीची दुसरी वाट हवी, आणि ती शिक्षा वाटू नये. संस्थेने दिलेल्या नोंदींवर घरी बसून काम करणं ही अशी एक वाट आहे. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ती उत्तम असते, आणि कित्येकदा संस्थेला तिचाच जास्त उपयोग होतो.

त्या नोंदींकडे थोडं जवळून बघू, कारण संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा मिळायचा नाही. समजा, एका मोफत दवाखान्याची नोंदवही आहे. नावं आणि पत्ते संस्थेनेच झाकून, प्रती काढून दिलेल्या. वही उघडली की आधी तारखा. एका हाताने ३/४ लिहिलंय, दुसऱ्याने ४ एप्रिल, तिसऱ्याने नुसतं ४. तीन चार म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे मागची-पुढची पानं बघून ठरवायचं. वयाच्या रकान्यात ५ आहे. पाच वर्षं की पाच महिने? शेजारी औषधाची मात्रा असेल तर अंदाज बांधता येतो, नसेल तर तो आकडा तसाच सोडून बाजूला खूण करायची. आपल्या मनाने भरायचा नाही. काही रकाने कोरे आहेत. कोरा म्हणजे शून्य नव्हे, हे वर्गात दहादा सांगून झालेलं असतं, तरी एक्सेल शीटमध्ये उतरवताना दहातले तीनजण शून्य टाकतातच.

पण खरी गंमत पुढे आहे. महिन्याचे सव्वीस दिवस, त्यातले सहा दिवस पूर्ण कोरे. विद्यार्थी वीस दिवसांची सरासरी काढतो: समजा, रोज एकतीस रुग्ण. आकडा व्यवस्थित दिसतो. तो संस्थेतल्या बाईंना दाखवला की त्या म्हणतात, "एवढेच? अहो, गर्दीच्या दिवशी लिहायला वेळ कुणाला असतो!" त्या सहा दिवशी नोंद नाही ती रुग्ण आले नाहीत म्हणून नव्हे, इतके आले की वही उघडताच आली नाही. म्हणजे गहाळ माहिती सर्वांत गर्दीच्या दिवसांचीच आहे, आणि सरासरी खाली ओढली गेली ती त्यामुळे. माहिती यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाने, गहाळ नसेल तर उत्तर एका बाजूला झुकतं, हे पुस्तकातलं वाक्य आता त्याला एका माणसाच्या दमलेल्या आवाजात ऐकू आलेलं असतं. त्यातून पुढचं काम निघतं: गर्दीच्या दिवसासाठी एक कार्ड, फक्त उभ्या रेघा मारायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. नाव नको, वय नको. ते टेबलावर दोरीने बांधून ठेवायचं. दोन आठवडे वापरून बघायचं आणि मग त्या दोन आठवड्यांची सरासरी जुन्या सरासरीशेजारी ठेवायची. हे कार्ड बनवायला अर्धा तास लागतो, पण ते सुचायला वीसातले बारा तास त्या वहीत घालवावे लागतात.

असं काही हाती लागावं यासाठी दर फेरीनंतर लिहायला हवं, आणि इथे बहुतेक अभ्यासक्रम विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडतात. 'अनुभव लिहा' म्हटलं की जे येतं ते सगळ्यांना पाठ आहे: आज मुलांसोबत खूप छान वाटलं, त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून समाधान मिळालं, खूप काही शिकायला मिळालं. लिहिणाऱ्याला तसं वाटलं असेलही. पण यातून पुढच्या आठवड्यात काय करायचं ते कळत नाही. याउलट ही नोंद बघा: '५० शब्दांचं पान. वेळ ४ मिनिटं १० सेकंद. चुका ९, त्यातल्या ५ रफाराच्या. "पाणी" वाचता येतं, "पाण्यात" आलं की थांबते. चित्र झाकलं तेव्हा दोन शब्द जास्त चुकले, म्हणजे ते चित्र बघून ओळखत होती. मी तीनदा घाईने उत्तर सांगितलं.' सात ओळीसुद्धा नाहीत. पण यात पुढच्या दोन आठवड्यांचं काम आहे, सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्ययाआधी शब्द बदलतो त्याचा, अख्खा पाठ आहे, आणि शेवटच्या वाक्यात स्वतःकडे बघणंही आहे.

अशी नोंद आपोआप येत नाही, शिकवावी लागते. टेरी बॉर्टन या शिक्षकाने १९७० मध्ये तीन प्रश्नांची घडी दिली: काय, त्याचं काय, आता काय. अजूनही ती पुरते. पहिल्या प्रश्नाखाली फक्त जे दिसलं-ऐकलं ते, विशेषणं नाहीत. 'मूल कंटाळलं होतं' असं लिहायचं नाही, 'चार वेळा खिडकीकडे बघितलं, पान उलटताना पुस्तक पाडलं' असं लिहायचं. दुसऱ्याखाली, हे वर्गातल्या कुठल्या कल्पनेला लागू पडतं किंवा कुठल्या कल्पनेत बसत नाही. न बसणारं जास्त मोलाचं, त्यावरच वर्गात बोलावं. तिसऱ्याखाली पुढच्या फेरीत करायची एकच गोष्ट. लिहायचं त्याच दिवशी, अर्ध्या तासात, दोनशे शब्दांच्या आत. तीन दिवसांनी लिहिलं की 'चार वेळा खिडकीकडे'चं 'कंटाळलं होतं' होतं. आणि प्राध्यापकाने पहिल्या दोन नोंदी परत करताना प्रत्येकीवर एक तरी प्रश्न लिहावाच. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग असेल तर हे काम मोठं आहे, मान्य. मग दर आठवड्याला पंधराच वाचा, पण वाचा. न वाचता टिकमार्क केलेल्या वह्यांचा वास विद्यार्थ्यांना लगेच येतो, आणि पाचव्या आठवड्यापासून सगळे एकमेकांच्या नोंदी उतरवू लागतात.

गुण कशाला द्यायचे हेही यातूनच ठरतं. वीस तास ही अट. त्यांना गुण नाहीत, ते पूर्ण झाले नाहीत तर विषय पूर्ण होत नाही इतकंच. गुण नोंदींना आणि त्यातल्या अभ्यासाशी केलेल्या जोडणीला, संस्थेच्या हाती दिलेल्या वस्तूला (वरच्या कार्डासारख्या), तोंडी परीक्षेला आणि हस्तांतराला, म्हणजे जाताना काम पुढच्याच्या हाती सोपवण्याला. शंभरातले चाळीस नोंदींना द्यावेत, तीस वस्तूला, वीस तोंडी परीक्षेला, दहा हस्तांतराला. संस्थेकडून गुण मागू नयेत. त्यांना नाही म्हणता येत नाही, सगळ्यांना दहापैकी नऊ मिळतात, आणि ज्या बाईंनी सेमिस्टरभर सांभाळून घेतलं त्यांना परीक्षक करून आपण अवघडवतो. त्यांच्याकडून दोन वाक्यं पुरेत: काय उपयोगी पडलं, पुढच्या वेळी काय नको.

हस्तांतराला दहाच गुण ठेवले खरे, पण सगळ्यांत जास्त नासधूस तिथेच होते. विद्यार्थी जातो तेव्हा त्याच्याबरोबर काय काय जातं याची यादी केली तर धक्का बसेल. शीट त्याच्या स्वतःच्या मेलवर बनवलेली असते. कॉलेजने दिलेला मेल असेल तर पदवीनंतर तो कधी बंद होईल याचा नेम नसतो, आणि सहा महिन्यांचं काम त्याच्यासोबत कुलूपबंद होतं. पासवर्ड त्याच्या डोक्यात असतो. कोणत्या पालकांना दुपारी फोन केलेला चालत नाही, हे त्यालाच माहीत असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक फाईल संस्थेच्या खात्यावर. तिचं नाव वाचताच समजेल असं. 'फायनल नवीन २' नको. पासवर्ड संस्थेच्या माणसाकडे. आणि शेवटचे दोन आठवडे नवीन काही सुरू करायचं नाही, फक्त देऊन मोकळं व्हायचं.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने १९९५ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एपिक्स नावाचा उपक्रम सुरू केला, त्यात या दुखण्यावर नेमका उपाय होता. एकाच गटात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी ठेवले, आणि एकाच संस्थेबरोबरचं काम अनेक सेमिस्टर चालू राहील असं बांधलं. जुने गेले तरी मधले राहतात, त्यांना सगळं ठाऊक असतं. लहान कॉलेजला एवढा डोलारा जमणार नाही. पण प्रत्येक जागी दोघं पाठवणं, एक पहिल्यांदा आलेला आणि एक मागच्या सेमिस्टरचा, हे कुठेही जमतं. तेवढ्यानेसुद्धा संस्थेतल्या बाईंना तेच ते पाचव्यांदा समजावून सांगावं लागत नाही.

मुलांच्या बाबतीत हस्तांतर नाजूक असतं. शेवटचा दिवस शेवटच्या दिवशी सांगायचा नसतो. तीन आठवडे आधी कॅलेंडरवर खूण करायची, मुलाच्याच हाताने. दोन आठवडे आधी नव्या ताईला किंवा दादाला बरोबर आणायचं. त्या दिवशी त्यांनी फक्त बाजूला बसायचं. पुढच्या वेळी अर्धं पान जुनीने, अर्धं नव्याने. मूल विचारतंच, "ताई, तू परत येणार ना?" येणार नसेल तर नाही म्हणायचं. 'बघू हं' हे उत्तर मूल होकार म्हणून लक्षात ठेवतं.

आणि वही नव्या माणसाच्या हातात द्यायची. तिच्यावर मुलाचं पूर्ण नाव नसावं, संस्थेने दिलेला क्रमांक पुरे. शेवटची नोंद सगळ्यांत लहान असली तरी चालेल. 'पान १४ पासून पुढे. गर्दी, वर्ग, मार्ग नीट. सूर्य अजून कधी कधी. दऱ्या घेतलेलं नाही. थांबली की पाच मोजा, लगेच सांगू नका. बोटाकडे बघा.'